पद्मेश्वरीच्या तोंडातले फोड

पद्मेश्वरी शेजारची, पण थोरली बहीण मानून मी तिला बाइदेउच म्हणायची. आमचं गाव आसामात, नलबारीच्या अलीकडे. मागावर बसली की तिला जेवणाची शुद्ध नसे, आणि गालात तामूल, म्हणजे पानात गुंडाळलेली कच्ची सुपारी, नाही असं कधी पाहिलं नाही. तोंडाची भारी फटकळ. लग्नघरात सुपारी कातरायला तिला बसवलं की वरपक्षातल्या एकेकाची सालं निघालीच म्हणून समजा.

तीच बाई गेल्या माघात बोलेनाशी झाली. तोंडभर फोड, फुटले की आत कच्चं मांस. माशाचं आंबट कालवण राहू दे, निवलेली पेज गिळतानाही डोळ्यांतून पाणी यायचं. गावाने निकाल लावून टाकला, कॅन्सर. नवरा त्यानेच गेलेला, तामूल दोघंही खायचे, मग हिला दुसरं काय होणार? जवळच्या लॅबवाल्यांनी गाल आतून खरवडला. काचेवर सुट्या, गोल पेशी दिसल्या, केंद्रकं मोठी नि काळपट. त्यांनीही कॅन्सरच लिहिला. आमच्याकडे तोंडाच्या काचा बहुतेक कॅन्सरच्याच येतात, म्हणून एखादी वेगळी आली तरी नीट बघायचे कष्ट कोण घेतो? माझं डोकं फिरतं ते यानेच.

मी गुवाहाटीच्या एका इस्पितळात अशाच तपासणीच्या काचा रंगवते. तिला ओढतच तिथे नेलं. डॉक्टर हाकाचाम बाईंनी काच बाजूला ठेवली आणि आधी तिची पाठ उघडी करून पाहिली. तिथेही फोड होते. बोट घासलं तर कातडी सरकली.

"तोंडाचा कॅन्सर असले फोड पाठीवर आणत नाही," त्या म्हणाल्या. मग काच लावून मला बोलावलं. "बघ बुलू. पेशी एकमेकींपासून सुटून फुगल्यात, म्हणून भीती वाटते. पण केंद्रकांच्या कडा बघ, गुळगुळीत. सगळी जवळपास एका मापाची. कॅन्सरच्या पेशी इतक्या शहाण्यासारख्या वागतात का?"

तरी खात्रीसाठी त्यांनी फोडाच्या कडेचा तुकडा काढला. त्यावर चमकणारं रसायन घालून खास दिव्याखाली पाहिलं, तर प्रत्येक पेशीभोवती हिरवी जाळी. शरीर स्वतःच्याच कातडीवर उठलं होतं. रोगाचं नाव पेम्फिगस. गोळ्यांनी आटोक्यात येतो, नाही घेतल्या तर माणूस जातो.

मी धावत वॉर्डात गेले. "बाइदेउ, कॅन्सर नाही गं तुला."

"मग काय आहे?"

"फोडांचाच रोग आहे. गोळ्या घेतल्यास की बसेल."

फुटक्या ओठांनी ती हसली. "मी आमच्या ह्यांना हेच सांगायची. साधा घाव आहे, गोळ्यांनी भरेल. अर्धा जबडा काढला तरी हेच. डॉक्टरसुद्धा माझ्या बाजूने बोलायचे."

आमच्याकडे रोग्याला कॅन्सर सांगतच नाहीत. घरचे, शेजारचे, डॉक्टर, सगळे मिळून शेवटपर्यंत दडवतात. हाकाचाम बाईंनी तासभर समजावलं. मी माझ्या मुलाची शपथ घेतली.

"इतक्या शपथा घेतेस," ती म्हणाली, "म्हणजे फारच वाढलाय."

गोळ्या घेऊन घरी गेली. त्या ती तळ्यात टाकत होती हे सुनेला कळलं तेव्हा पाठ सोलून निघाली होती, जखमांत पू झाला होता. सून चिडून विचारायला गेली तर म्हणाली, "जायचंच आहे, तर तोंड कडू कशाला करू?" इस्पितळात यायचं नावसुद्धा काढू देईना.

मी गेले तेव्हा तापाने फणफणली होती. मला राग आवरेना, रडूही. तिने माझा हात हातात घेतला.

"तू फार छान बोललीस हं, बुलू. मला इतकं छान खोटं जमलं नव्हतं. शेवटी शेवटी ह्यांना कळायचं."

"खोटं नव्हतं गं, बाइदेउ."

"हो, हो," ती म्हणाली, आणि माझा हात थोपटत राहिली.