साडेचार घंट्यांत लंडन

चहा निवेपर्यंत सांगून टाकतो, पण तोंडातला घोट आधी गिळा बरं! अशी फजिती वैऱ्याचीही होऊ नये.

ही गोष्ट असेल त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरची. मी कुरुंद्याच्या शाळेत भूगोल शिकवायचो. शिवाय गावात कुणाचं पत्र आलं की वाचायचं मी, उत्तर लिहायचं मी. हॉटेलातला पहिला चहा म्हणून माझा!

तर हळदवाल्या सखारामचा उत्तम, माझाच विद्यार्थी, डॉक्टरकीचं पुढचं शिकायला लंडनला गेला. अन् माझ्या पोटात दुखायला लागलं. का दुखू नये? ज्या लंडनवर मी वीस वर्षं नकाशात छडी टेकवली, तिथं हे पोरगं जाऊन बसलं, आणि माझी धाव नांदेडपर्यंत!

त्याचं पहिलं पत्र मीच हॉटेलात मोठ्यानं वाचलं. 'सकाळी सातला मुंबईहून विमान सुटलं. साडेअकराला लंडनला उतरलो. थंडी फार आहे.'

सखाराम मांडीवर थाप मारून ओरडला, "साडेचार घंट्यांत लंडन! आमची यष्टी औरंगाबादला बी जात न्हाई इतक्यात!"

त्या दिवशी पहिला चहा सखारामला गेला. मी जळलो हो! अक्षरशः जळलो.

तसाच शाळेत गेलो, पृथ्वीचा गोल उचलून हॉटेलात आणला. हळदीच्या पोत्याची सुतळी मुंबईपासून लंडनपर्यंत ताणली. "हे बघा, सात हजार किलोमीटरच्या वर! विमान तासाला जाऊन जाऊन जाईल नऊशे. आठ तास तर नुसते उडायला पाहिजेत. पोरगं थापा मारून राहिलं!"

सखारामचा चेहरा उतरला. "खोटं काहून बोलंल तो, गुरुजी?"

"गेलाच नसंल! बसला असंल मुंबईत."

"पण पत्राच्या तिकिटावर तिकडची राणी हाय की!"

"तिकिटाचं काय, कुठंबी मिळतं!" मी ठोकून दिलं.

सखारामनं चहा अर्धाच ठेवला. उत्तर मात्र माझ्याकडूनच लिहून घेतलं. सांगितलं एवढंच, "लिहा, बापाशी खोटं नको बोलू, बाळा." मी वरून माझा सगळा हिशोब जोडला. सुतळीसकट!

महिनाभर सखाराम हॉटेलाकडं फिरकला नाही. पहिला चहा पुन्हा माझा. गोड लागत होता, खोटं कशाला सांगू?

मग दुसरं पत्र आलं. सखाराम ते घेऊन सरळ हॉटेलात. "वाचा, गुरुजी. समद्यांदेखत वाचा. जे असंल ते असंल."

मी घसा खाकरून सुरू केलं. 'बाबा, मी खोटं बोललो नाही. प्रवासाला दहा तास लागले, मधे विमान थांबलंही होतं. पण लंडनचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं असतं. रेखांशाच्या एका अंशाला चार मिनिटं, हे गुरुजींनी नववीत...'

मी थांबलो.

"पुढं वाचा की!"

'...नववीत छडी मारून शिकवलं होतं. विमानात घड्याळ मागं केलं, तेव्हा शेजारच्या साहेबाला मी गुरुजींचं नाव अभिमानानं सांगितलं.'

सखारामच्या डोळ्यांत पाणी. मला वाटलं, आता हा शिव्या घालणार. घातल्या असत्या तर किती बरं झालं असतं! त्यानं पहिला चहा माझ्यापुढं सरकवला, बिडी पेटवली अन् म्हणाला,

"गुरुजी, पुन्हा वाचा. अन् ते चार मिनिटांवालं जरा जोरात!"