आप्पांच्या इंजिनाचा निरोप मी कसा आणला

माझं तोंड बंद राहत नाही, हे आमच्या वस्तीत कुणालाही विचारा. सभेत, वॉर्ड ऑफिसात, रिक्षा स्टँडवर, जिथं विषय निघेल तिथं मी बोलते. पण एका गोष्टीवर हे तोंड सहा वर्षं मिटलेलं आहे. आईसमोर उघडलं नाही, संघटनेतल्या मैत्रिणींसमोर नाही. आज तुमच्यासमोर उघडते आहे. कसं सांगायचं ते अजून ठरलेलं नाही – बघू.

आधी आप्पांबद्दल सांगते. त्यांच्याबद्दल बोलायला मला आवडतं. आणि खरं सांगू? तेवढाच वेळ पुढं ढकलता येतो.

बजाजनगरच्या पलीकडं आमची वस्ती, गुंठेवारीतली. वाळूजच्या कारखान्यांत कामाला आलेल्या लोकांनी तुकडा तुकडा घेतलेले प्लॉट. ही सगळी जमीन एके काळी आप्पांची. विकत विकत शेवटी त्यांच्याकडं एक विहीर, दोन लिंबाची झाडं आणि एक डिझेल इंजिन उरलं. वस्तीला नळ नव्हता. शेती संपली म्हणून विहिरीची वीज तोडलेली, आणि वस्ती कागदावर नाही म्हणून मोटरला नवं मीटर मिळत नव्हतं. (यावर मी दोन पत्रकं काढली आहेत, पुन्हा सुरू होत नाही.) तर त्या दुष्काळाच्या वर्षांत आप्पा रोज सकाळी हँडल मारून इंजिन सुरू करायचे, आणि विहिरीत असेल तेवढं पाणी तासाभरात आमच्या घरोघरच्या पिंपांत सोडायचे. उपकार केल्याचा आव नाही, काही नाही. कुणी आभार मानले तर म्हणायचे, "मला नको सांगू, त्याला सांग," आणि इंजिनावर हात ठेवायचे.

त्या इंजिनाशी ते बोलत. थंडीत सुरू झालं नाही तर "काय राव, आज सुट्टी का?" असं विचारत. मला 'पुढारीण' म्हणत. मी घोषणा लिहीत बसलेली दिसले की मुद्दाम जवळ येऊन, "पुढारीणबाई, मुर्दाबाद कुणाचं हाय आज?" असं विचारून हसत सुटत. माझी पत्रकं मात्र शब्द न् शब्द वाचत. चष्मा कपाळावर, कागद नाकाला लावलेला. चुका काढत.

तर ते इंजिन झिजलं. निळा धूर ओकायला लागलं, ऑइल प्यायला लागलं, हँडल मारून मारून आप्पांच्या खांद्याची वाट लागली. प्रश्न आला – फुल काम काढून ते पुन्हा नवं करायचं, की सोडून द्यायचं? विहीर अजून पाणी देत होती. इंजिन टिकलं तर वस्तीचा उन्हाळा निघाला असता.

आप्पांनी स्वतः ठरवायला नकार दिला. मला म्हणाले, "माझा जीव अडकलाय त्याच्यात. माझं ऐकू नको. रफिक मिस्त्री व्हय म्हणला तर करू, नाय म्हणला तर सोडू." रफिक मिस्त्रींचं लेथचं दुकान बजाजनगरात. ते कधी चिठ्ठी देत नसत. इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे मधला ओतीव लोखंडी भाग, घेऊन जो येईल त्याच्या तोंडी निरोप धाडायचे, आणि लोक तो निरोप मानायचे. आप्पांचे गुडघे गेलेले. मग जायचं कुणी? तर मी. का मी? आप्पांचंच वाक्य सांगते – "तू तोंडावर बोलतीस. दुसरं कुणी मला वाईट वाटंल म्हणून गोड करून सांगंल. तुला काय लाज नाय."

हे ऐकून मला किती बरं वाटलं होतं!

आता आणखी एक सांगायला हवं. त्याच महिन्यात आम्ही नळासाठी मोर्चा ठरवला होता. मी वस्तीत तीन बैठका घेतल्या. तिसऱ्या बैठकीला सात बायका आल्या. सात! घरोघरी फिरले तर उत्तर एकच, "आप्पाचं इंजिन हाय ना गं, कशाला एवढी आग आग करतीस?" मला राग कुणाचा यायला हवा होता? नळ न देणाऱ्यांचा. मला राग आला इंजिनाचा. रोज सकाळी ते फटफट सुरू झालं की मला वाटायचं, हे माझा मोर्चा पिऊन टाकतंय. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. संघटनेत कुणी असं म्हणालंही नव्हतं. माझ्याच डोक्यात उगवलं ते.

ब्लॉक लोडिंग रिक्षात घालून मी मिस्त्रींकडं गेले. त्यांनी आत बोटं फिरवली, नखानं कडा चाचपली. हातोडीनं हलकं ठोकून कान लावला. मग म्हणाले, "अब असली बात देखते, बेटा." सगळ्या ब्लॉकला रॉकेल चोळलं, कोरडं पुसलं, वरून खडूची पूड फासली. कुठं बारीक जरी तडा असेल तर आत मुरलेलं रॉकेल बाहेर येतं आणि पांढऱ्यावर ओली रेघ उमटते, असं त्यांनीच समजावलं. आम्ही चहा घेतला, आणि वाट बघितली.

रेघ उमटली नाही. सगळा ब्लॉक पांढराशुभ्र राहिला. मी माझ्या डोळ्यांनी बघितला.

"आप्पा को बोल, मस्त है. नया स्लीव्ह, नया पिस्टन डालता, क्रँक घिसके देता. चार दिन में ले जा. दस साल बोलेगा ये."

मी परत निघाले. रस्ता काही लांब नाही. तेवढ्यात मी काय काय विचार केला, ते तुम्हाला सजवून सांगणार नाही. मोजकंच सांगते. वस्तीत पोचले तेव्हा आप्पा विहिरीच्या कडेला उलट्या बादलीवर बसले होते. ते काही विचारायच्या आधीच मी म्हणाले, "तडा आहे. मिस्त्री म्हणाले, सोडून द्या."

झालं. एवढंच. पण थांबा – एवढंच नाही.

आप्पांनी विचारलं, "कुठल्या बाजूनं?" मी गप्प बसू शकले असते. पण नुकतीच शिकून आले होते ना? "पाणी फिरतं त्या बाजूनं," मी म्हणाले.

त्यांनी लगेच मान हलवली. "व्हय. मीच केलं ते." मग सांगायला लागले. चार-पाच आठवड्यांपूर्वी विहिरीतलं पाणी खाली गेलं, पंपानं हवा ओढली, इंजिन गार ठेवणारं पाणी बंद पडलं. वाफ दिसली त्यांना. तेव्हाच बंद करायला हवं होतं. पण शेवटचं पिंप होतं मंगलचं, आणि मंगल नुकतीच बाळंत होऊन घरी आलेली. पंप हेलकावे खात थोडं थोडं पाणी देत होता. "म्हणलं, लेकराच्या दुपट्यापुरतं तरी होऊ दे. चालू ठेवलं, धा मिनिटं. त्यातच फुटलं बघ." आणि वर माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "बरं झालं, खरं सांगितलंस."

तेव्हा बोलायला किती वेळ लागला असता? एक वाक्य. मी ते बोलले नाही. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींना फोन करून सांगितलं, आप्पा नको म्हणतात, ब्लॉक भंगारात घाला. ते म्हणाले, "बुढ्ढे को बोल, एक बार खुद आके देख." तोही निरोप मी पोचवला नाही. त्याच पावसाळ्यात मिस्त्री दुकान आवरून खुलताबादला मुलीकडं राहायला गेले. विषय मिटला.

मोर्चा मोठा निघाला. सगळी वस्ती आली, मंगल तान्ह्या पोराला उराशी धरून आली. मी गाडीवर उभी राहून बोलले – लोकांना तहानलेलं ठेवून कारभार करणाऱ्यांचा धिक्कार! शब्द माझेच होते. पत्रकातही तेच छापले होते, ठळक अक्षरात. त्या उन्हाळ्यात टँकर आठवड्यातून दोनदा यायचा, तोही मेन रोडला थांबायचा. बायका कॅन ओढत आणायच्या. मंगल आणायची, बाळंतपणाचे टाके पुरते भरले नव्हते तरी. आप्पा रांगेत शेवटी उभे राहायचे. लोक पुढं व्हा म्हणायचे, ते व्हायचे नाहीत. "मीच फोडलंय, मी शेवटीच," असं म्हणायचे. हसत म्हणायचे, म्हणून सगळे हसायचे.

पुढच्या वर्षी नळ आला. मग तुम्ही म्हणाल, चांगलंच झालं की शेवटी? मीही कितीदा म्हणून बघितलं. पण हेच वाक्य एखाद्या अधिकाऱ्यानं म्हटलं असतं – थोडे दिवस लोकांनी सोसलं, पण शेवटी भलं झालं ना, म्हणून – तर मी त्याचं टेबल उलटं केलं असतं. आणि नळ इंजिन असतानाही आला नसता, हे कशावरून? सात बायकांचे सत्तर करायचे कष्ट मला नको होते. मला आयती तहान हवी होती.

सत्कारात आप्पांनीच मला शाल दिली. माइक हातात घेऊन म्हणाले, "माझं इंजिन फुटलं म्हणून नळ आला, टाळ्या मला बी वाजवा!" सगळा मांडव हसला. मीही हसले. शाल अजून घरात आहे.

आप्पा आता थकलेत. वस्तीत नवा भाडेकरू आला की त्याला विहीर दाखवतात, आणि मंगलचं नाव न घेता त्या दहा मिनिटांची गोष्ट सांगतात. अजूनही सांगतात. परवा मी शेजारीच उभी होते. नव्या माणसानं विचारलं, "मग त्या बाईनं काय म्हटलं?" आप्पा म्हणाले, "तिला कशाला सांगायचं? तिच्या पिंपापायी झालं म्हणून तिच्या जिवाला लागंल." सहा वर्षं त्यांनी मंगलला हे कळू दिलेलं नाही. मला मात्र विश्वासानं नावासकट सांगितलं.

हा कागद छापून झाला की पहिला त्यांच्याच हातात जाईल. मी स्वतः देणार आहे, आणि ते वाचून होईपर्यंत तिथंच उभी राहणार आहे.

आप्पा, ब्लॉकला तडा नव्हता. मिस्त्रींनी रॉकेल-खडू लावून बघितलं, मी समोर होते. मंगलचं पिंप तुम्ही भरलंत, त्यानं काहीही फुटलं नाही. इंजिन मी बंद केलं.