बेंचवरची चाचणी

"डोळे मिटा, बोट वर. आवाज आहे तोवर वर, गेला की खाली. और झूठ नाही बोलायचं."

आमच्या फिजिक्सच्या लॅबमध्ये पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला काका हे ऐकवत. मग तो फर्स्ट इयरचा विद्यार्थी असो, भोपाळहून आलेला ऑडिटर असो, नाहीतर गळका नळ दुरुस्त करायला आलेला प्लंबर. त्याच्या कानाला हेडफोन चढवायचा, सूर काढणाऱ्या ऑसिलेटरची चकती हळूहळू फिरवत आवाज वरच्या पट्टीत, बारीक बारीक करत न्यायचा आणि मधूनमधून विचारायचं, "आहे का अभी? आहे?" बोट खाली आलं की चकतीवरचा आकडा, म्हणजे सेकंदाला किती कंपनं, तो बघायचा आणि लॅबच्या कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहून ठेवायचा. घरातल्या मुलांची उंची दाराच्या चौकटीवर लिहून ठेवतात ना, तसा अर्ध्या उज्जैनचा कान त्या दारावर लिहिलेला होता.

काका लॅब असिस्टंट. मी जळगावहून लेक्चरर म्हणून आलो तेव्हा ते कॉलेजात पार मुरलेले होते. त्यांचे पूर्वज कधीकाळी दरबारी नोकरीत इकडे आले आणि इथलेच होऊन गेले. त्यांच्या मराठीत निम्मी हिंदी असायची. सुरुवातीला मी तिला हसायचो. जसं काही जळगावची मराठी फार सोवळी! वयानं ते मला वडिलांसारखे, तरी मला 'सर' म्हणत. मी त्यांना काका म्हणायचो. पुढे आख्खं कॉलेजच म्हणायला लागलं.

एकदा त्यांनी प्राचार्यांनाच हेडफोन लावला. साहेबांचं बोट नऊ हजारावर खाली आलं आणि दारात उभ्या असलेल्या शिपायाचं सोळा हजारांपर्यंत वर राहिलं. साहेब म्हणाले, "मशीन पुरानी हो गई है." काका म्हणाले, "जी सर, मशीन भी." त्या 'भी'वर शिपाई बाहेर पळाला. वय झालं की कान वरच्या पट्टीकडून झिजत येतो, त्यात कुणाचा अपमान नाही, असं काकांनी साहेबांना पुष्कळ समजावलं. पण साहेब नंतर वर्षभर लॅबकडे फिरकले नाहीत.

चकती दुसऱ्या टोकाला नेली की वेगळीच गंमत. मोठ्या स्पीकरच्या पडद्यावर काका साबुदाण्याचे दाणे टाकत आणि ते दाणे टणाटण नाचत. आकडा पंचवीस-तीसवर आला की आवाज असा राहायचाच नाही, नुसती छातीत थरथर व्हायची. "आता कानात बोटं घाला. तरी आहे ना? हा कानानं नाही ऐकायचा, अंगानं ऐकायचा." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून शंभर वेळा ऐकलं असेल.

माझी मुलगी सई अकरा महिन्यांची होती तेव्हा माझी बायको नीता एक दिवस म्हणाली, "अहो, मी हाक मारली की ही बघत नाही." मी हसलो. मिक्सर लावला की सई वळायची, लोखंडी कपाट धाडकन लागलं की दचकायची. तरी नीताचं समाधान व्हावं म्हणून सुट्टीच्या दिवशी तिला घेऊन लॅबमध्ये गेलो.

काकांनी लांब लाकडी बेंच ओल्या फडक्यानं पुसून घेतला. सईला त्यावर बसवलं. एवढ्याशा डोक्यावर हेडफोन कुठला राहायला, म्हणून मोठा स्पीकर काढला आणि तिच्या पाठीमागे, बेंचच्या दुसऱ्या टोकाला ठेवला. मी एका हातानं तिला धरून उभा. काकांनी चकती खालून वर न्यायला सुरुवात केली. पहिलाच आवाज आला आणि सई गर्रकन मागे वळून हसली. दुसऱ्याला वळली, तिसऱ्यालाही. काका लहान मुलासारखे खूश झाले. "सर, कान एकदम फर्स्ट क्लास!"

तीनशेपर्यंत आलो आणि लाइट गेली. तासभर वाट पाहिली, आली नाही. "वरचं राहिलं. फिर कभी करू," काका म्हणाले. मी म्हटलं, "कशाला? एवढं बस्स झालं." कपाटाच्या दारावर सईच्या नावापुढे आकड्याऐवजी त्यांनी बरोबरची खूण केली.

ती खूण मी पुढे दीड वर्ष नीताच्या तोंडावर मारली. दुसरा शब्द सुचत नाही. सई पंधरा महिन्यांची झाली, दोन वर्षांची झाली, एक शब्द बोलेना. नीतानं विषय काढला की माझं ठरलेलं उत्तर, "काकांनी मशीनवर तपासलंय. मी स्वतः समोर होतो." एम. एस्सी. फिजिक्स नवऱ्यापुढे ती बिचारी काय बोलणार?

मग एका रविवारी काका आमच्या माधव नगरच्या घरी आले. सई पलंगावर गादीवर बसून भांडीकुंडी मांडत होती. स्वयंपाकघर तिच्या पाठीशी, तीन पावलांवर. कुकरची शिट्टी झाली. मी दचकलो. सई हललीसुद्धा नाही. काकांनी चहाचा कप खाली ठेवला. दुसरी शिट्टी होईपर्यंत ते तिच्याकडे टक लावून बघत राहिले. तिसरीही होऊ दिली.

मग ते उठले, सईला उचलून खाली फरशीवर बसवलं आणि तिच्या पाठीमागे बसून जमिनीवर मूठ आपटली. सई वळली. तिला परत गादीवर ठेवलं आणि पुन्हा मूठ आपटली. सई आपली चमच्यानं खोटा भात वाढत होती.

काका माझ्याकडे बघून म्हणाले, "सर, आपला बेंच."

एवढंच. पुढचं त्यांना सांगावं लागलं नाही. दर जुलैत पहिल्या प्रॅक्टिकलला आम्ही दोघं मुलांना हेच शिकवायचो. ट्यूनिंग फोर्क वाजवायचा आणि त्याची दांडी बेंचवर टेकवायची, की आख्खा बेंच बोलायला लागतो. हात ठेवून बघा, मुंग्या येतात. त्या दिवशी सईला काही ऐकू आलं नव्हतं. तिच्या उघड्या मांड्यांना लाकूड थरथरताना लागत होतं आणि ती वळून वळून हसत होती.

आणि मला आणखी एक गोष्ट आठवली. त्या दिवशी माझा दुसरा हात बेंचवर टेकलेला होता. प्रत्येक आवाजाला तळहाताला मुंग्या येत होत्या. मला ते कळलं होतं, आणि मी त्याचा विचार केला नव्हता. हे मी कुणालाही सांगितलं नाही.

इंदूरला नेऊन तपासलं. दोन्ही कान जवळजवळ बंद. डॉक्टर म्हणाले, वर्षभर आधी आणली असती तर बोलणं सोपं गेलं असतं. परत आल्यावर मी लॅबमध्ये गेलो आणि चार मुलांसमोर काकांना म्हणालो, "तुम्ही सांगितलं होतं, फर्स्ट क्लास." ते म्हणाले, "हां सर. मी सांगितलं होतं." त्याच दुपारी त्यांनी कपाटाचं दार ओल्या फडक्यानं पुसून साफ केलं. त्यानंतर कुणाच्याही कानाला हेडफोन लागला नाही. मी ते बघत होतो आणि मला बरं वाटत होतं. खोटं कशाला सांगू?

सईला यंत्र मिळालं, छातीशी डबी आणि कानांपर्यंत दोन वायरी. दर शनिवारी तिला इंदूरला बोलणं शिकवणाऱ्या बाईंकडे न्यावं लागे. ते दिवस गल्लोगल्ली कोचिंग उघडण्याचे होते, माझ्या शनिवार-रविवार दोन-दोन बॅचेस. नीताबरोबर कोण जाणार? काका जायला लागले. कुणी सांगितलं नव्हतं. शनिवारी सकाळी देवास गेटच्या बसस्टँडवर येऊन जागा धरून बसायचे.

त्या बाईंनी सांगितलेलं सगळं त्यांनी माझ्याआधी शिकून घेतलं. मुलीच्या उंचीला बसायचं. उजेड आपल्या तोंडावर हवा. ओरडायचं नाही, ओठ सावकाश हलवायचे. मी ओरडायचो. काका संध्याकाळी येऊन खिडकीपाशी मांडी घालून बसत आणि सई त्यांच्या ओठांवर नजर लावून बसे. यंत्राची वायर तुटली की तेच झाळून देत. पाच-सहा वर्षांची होईपर्यंत सई बरंच बोलायला लागली. तिचं बोलणं नवख्या माणसाला कळत नसे, काकांना सगळं कळे. ती त्यांना आबा म्हणायची.

मग त्यांचा निवृत्तीचा समारंभ झाला. हार, नारळ, भाषणं. काका उत्तराला उभे राहिले आणि म्हणाले, "पैंतीस साल नोकरी केली. कुणाची एक काचेची नळी पण माझ्या हातून फुटली नाही. एकच गलती झाली, ती सरांच्या मुलीची. ती माझी आहे, दुसऱ्या कुणाची नाही." सगळा स्टाफ वळून माझ्याकडे बघायला लागला. सगळ्यांच्या डोळ्यांत माझ्याबद्दल कणव.

मला ते सहन झालं नाही. घरी परतताना चहाच्या टपरीवर त्यांना थांबवलं आणि सगळं सांगून टाकलं. हाताच्या मुंग्या, नीताचं दीड वर्ष मागे लागणं, माझं ते ठरलेलं उत्तर.

काकांनी विचारलं, "हाताला लागत होतं?"

"हो."

"बहूनं किती दफा सांगितलं होतं?"

"पुष्कळदा."

"और तुम्ही मला एक दफा नाही सांगितलं. पाँच साल, प्रोफेसर साहेब, मी रोज सकाळी उठून तो बेंच बघतोय." त्यांनी अर्धा चहा तसाच ठेवला आणि ते चालायला लागले. मागून हाका मारल्या. थांबले नाहीत.

त्यानंतरही ते घरी येत, पण मी नसताना. सईचा अभ्यास घेत, यंत्र बघत, नीताच्या हातचा चहा घेत. माझ्या स्कूटरचा आवाज आला की उठत. जिन्यात भेट झाली तर "नमस्कार साहेब". ते 'सर' गेलं ते गेलंच. मी दोनदा त्यांच्या घरी गेलो. काकूंनी सरबत दिलं, काका आतून बाहेर आले नाहीत.

दोन वर्षांनी त्यांच्या मुलानं त्यांना कायमचं नागपूरला बोलावलं. जायच्या दिवशी सई हट्टच धरून बसली, म्हणून मी तिला घेऊन देवास गेटला गेलो. काका खिडकीशी बसले होते, शेजारी काकू. खिडकीची काच अडकलेली होती, दोघांनी जोर लावूनही ती सरकेना. ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं. शेजारच्या दोन बसेसही सुरूच होत्या, कंडक्टर देवास-इंदूर ओरडत होते. त्या गोंगाटात मला माझाच आवाज ऐकू येत नव्हता.

काकांनी चेहरा काचेजवळ आणला, उजेडाकडे वळवला आणि सईशी बोलायला लागले. सावकाश, एकेक शब्द. सई मान वर करून बघत होती. तिनं काहीतरी विचारलं, त्यांनी उत्तर दिलं. बोलता बोलता त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, बोटानं माझ्याकडे दाखवलं आणि परत तिच्याशी बोलत राहिले. सईनं दोनदा मान हलवली. मी त्यांच्या ओठांकडे बघत होतो आणि मला एक अक्षर समजत नव्हतं.

बस हलली. काकूंनी हात हलवला. काकांनी सईला हात केला.

मी खाली वाकलो, सईच्या समोर आलो आणि विचारलं, "आबा माझ्याबद्दल काय म्हणाले?"

सईनं माझ्याकडे नीट बघितलं. मग म्हणाली, "मला सांगितलं. तुम्हाला नाही."

पुढच्याच हिवाळ्यात नागपूरहून फोन आला, काका गेले. सई आता मोठी झाली आहे, नोकरी करते. मी तिला पुन्हा विचारलेलं नाही.