पुस्तकातला होडीवाला

माझे बाबा पंचवीस वर्षं टेमघरच्या एका लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात कामाला होते. सगळे लूम चालू असले की शेजारी उभ्या माणसाचंही बोलणं ऐकू येत नाही. म्हणून तिथले कामगार एकमेकांचे ओठ बघून बोलतात. बाबांचे कान हळूहळू गेले, पण ओठ वाचण्यात ते पटाईत झाले. शेजारच्या चाचींकडे टीव्हीवर सासू-सुनेची मालिका लागली की आवाज नसला तरी बाबांना सगळं कळायचं. कधीकधी तर पाठमोऱ्या बसलेल्या आईला तेच सांगायचे, आता सून काय म्हणाली ते.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना एक परदेशी मालिका सुरू झाली, हिंदीत आवाज दिलेली. एका चेटकिणीने आख्खी नदी डोंगराच्या गुहेत कोंडून ठेवलेली असते आणि एक मुलगी ती सोडवायला निघते. तिच्यासोबत एक म्हातारा होडीवाला असतो. दर शुक्रवारी दुपारी चार वाजता लागायची. शुक्रवारी लूम बंद, त्यामुळे बाबाही घरीच. चाचींच्या खोलीत दहा-बारा माणसं दाटीवाटीने बसायची.

पहिल्या दोन शुक्रवारी बाबा आले आणि तिसऱ्या वेळी अर्ध्यातून उठून गेले. मी मागोमाग गेले, तर ओट्यावर बसलेले.

"ह्या लोकांची तोंडं एक बोलतान, आन् तुम्ही हसता भलत्यालाच," ते म्हणाले. "मना काय बी कलत न्हाय."

त्यांचा दोष नव्हता. पडद्यावरचे ओठ इंग्रजी होते आणि आवाज हिंदी. पण आमचे लोक खाडीकाठचे, आजोबांची स्वतःची होडी होती. तो होडीवाला बाबांना फार आवडला होता. त्याचं पुढे काय होतं ते त्यांना हवं होतं आणि सगळ्यांबरोबर बसून हवं होतं.

ही मालिका पुस्तकावरून घेतली आहे, हे मला सुरुवातीच्या नावांच्या पाट्यांमध्ये दिसलं होतं. कॉलेजच्या ग्रंथालयात विचारलं तर खरोखरच पहिला भाग निघाला, चांगला जाडजूड. मी मराठी शाळेत शिकलेली, इंग्रजी पुस्तक कधी सलग वाचलं नव्हतं. ग्रंथपाल मॅडमनी पुस्तक दिलं आणि न मागता एक शब्दकोशही वर ठेवला. मुदत संपली की स्वतःच तारीख वाढवून द्यायच्या. त्यांचे उपकार मी विसरलेले नाही.

मग दर शुक्रवारी सकाळी मी बाबांसमोर बसायचे आणि त्या दिवशी दाखवतील असं वाटे तेवढी गोष्ट सांगायचे, कारखान्यातल्यासारखी, आवाज न काढता, ओठ नीट हलवून. आई मेथी निवडत म्हणायची की बाप-लेक माशांसारखी तोंडं उघडझाप करताहेत, कोणी पाहिलं तर काय म्हणेल. माझा अंदाज कधी चुकायचा. एकदा मी चाळीस पानं पुढे गेले आणि बाबा पुढच्या आठवड्याची गोष्ट आधीच चाचींना सांगून बसले. चाची दोन दिवस बोलल्या नाहीत. पण बाबा आता सगळ्यांबरोबर हसायचे, सगळ्यांबरोबर गप्प व्हायचे. ते बघून मी शब्दकोश आणखी भराभर उलटायचे.

पहिल्या पर्वाचा शेवटचा भाग आला तेव्हा माझी साठ पानं उरली होती. शुक्रवारी पहाटेच उठून बसले. दुपारी पावणेदोनला शेवटचं पान वाचलं आणि रडू आलं. होडीवाला आपली होडी गुहेच्या तोंडाशी नेतो, दगड फुटतो, नदी सुटते, आणि तो काही परत येत नाही. मी बाबांना ते सांगितलं. त्यांनी पुन्हा सांगायला लावलं. जेवण अर्धंच झालं.

चार वाजता खोली भरली होती. होडी गुहेकडे निघाली तसं बाबा चाचींकडे वळून म्हणाले, "म्हातारा आता जाणार." त्यांना आपल्या आवाजाचा अंदाज नसल्याने ते सगळ्या खोलीने ऐकलं. चाचींनी हाताने गप्प केलं. दगड फुटला, पाणी उसळलं. आणि मग त्या पाण्यातून होडीवाला खोकत खोकत वर आला. मुलीने त्याला मिठी मारली. खोलीत टाळ्या पडल्या.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांना वाटलं असणार, पोरीला नीट वाचता आलं नाही. मी नुसते ओठ हलवून म्हटलं, पुस्तकात तो मरतो, बाबा, खरंच.

"काय भाऊ," चाची म्हणाल्या, "तुमचा बुढ्ढा तर उठून बसला की." सगळे हसले. बाबांनी ते ओठांवरून बरोबर टिपलं. ते उभे राहिले.

"पुस्तकात असं न्हाय," ते म्हणाले.

ज्या माणसाने चौथीनंतर पुस्तक हातात धरलं नव्हतं, त्याच्या तोंडून हे आलं. चाचींनी स्वतःच टीव्ही बंद केला आणि म्हणाल्या, मग पुस्तकात कसं ते सांगा.

बाबांनी सांगितलं. होडी गुहेशी कशी नेली, वल्हं कुठल्या हातात धरलं, भरतीची वाट कशी बघितली, सगळं हातवारे करून. भरती पुस्तकात नव्हती, नदीला ती कुठून असणार. म्हाताऱ्याने निघताना जाळं घडी करून ठेवलं, तेही नव्हतं. मी दुरुस्त केलं नाही. चाचींनी ओढणीने डोळे पुसले आणि चहा टाकायला उठता उठता म्हणाल्या की टीव्हीवाल्यांचंच बरं होतं, निदान रडवलं तरी नाही. यावर दोन तट पडले. चहा संपेपर्यंत भांडण चाललं आणि बाबा एकेकाचे ओठ बघत सगळ्यांना उत्तरं देत होते.

घरी येताना मी म्हटलं, पुढचं पर्व वर्षभराने येणार आहे.

बाबा थांबले. "त्यांचं ऱ्हाऊ दे, बाय. पुस्तकाचा दुसरा भाग हाय का?"

"आहे, बाबा."

"मंग सोमवारी आन."