कुकरचं रबर

छावणीतल्या एका जुन्या हॉलात मी वॉचमन होतो. तिथं परदेशातल्या कलाकारांचं प्रदर्शन लागलं. पहिल्याच दिवशी मी कोपऱ्यातल्या फाटक्या चपला उचलून दाराबाहेर ठेवल्या. त्या जपानहून आलेल्या होत्या. माझी अक्कल एवढीच.

प्रदर्शनवाल्या मॅडम हसल्या. मी म्हणलं, "मॅडम, असलं भंगार तर माझ्या घरी बी हाय. बायको गेली, कुकर तसाच पडलाय."

"आणा की काका."

आणला. बुडाला पोचे, मूठ तारेनं बांधलेली. त्यांनी तो उजेडाखाली ठेवला. लोक यायचे, बघत उभे राहायचे. एका बाईच्या डोळ्यात पाणी आलं. मी नवरा, स्टुलावर बसून शेंगा खात होतो. मला काहीच होत नव्हतं. बायको गेली तवा बी मंडपवाल्याला खुर्च्या मोजून मीच दिल्या.

मग ठरलं, सगळं सामान कोरियाला जाणार. पेटीत भरताना मॅडमनी झाकण उघडलं.

"काका, याचं रबर?"

"फ्रीजरमदी हाय."

"फ्रीजरमध्ये?"

"ढिलं झालं की बर्फात ठेवायचं, आवळून येतंय. दवाखान्यात नेलं त्या सकाळी तिनं ठेवलं. म्हणली, संध्याकाळी डाळ लावते."

"काका, ते द्याल? त्याच्याशिवाय हे अर्धंच आहे."

"देतो की. माझ्या काय कामाचं? मी मेसमदी जेवतो."

उस्मानपुऱ्यात घरी आलो, फ्रीजर उघडला. रबर अर्धं बर्फात रुतलेलं. चमच्याची दांडी घेतली, बर्फाला लावली. तसाच उभा राहिलो. हात बधिर झाला. बाकीचा मी आधीच होतो.

फ्रीजरचं झाकण लावलं. खाली भांड्याच्या दुकानात गेलो.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी रबर बोटानं दाबून बघितलं. "हे नवीन आहे."

"व्हय."

"जुनं नाही सापडलं?"

"सापडलं."

त्यांनी रबर बसवलं, झाकण लावलं. पेटीला खिळे मी ठोकले, त्यातला एक अंगठ्यावर.

आता बर्फ लई वाढलाय, फ्रीजरचं झाकण बी लागत नाय. पोरगी शेंद्र्याहून येती, रागावती, "पप्पा, फ्रीज बंद करून एकदा बर्फ काढा की."

मी म्हणतो, काढतो.