मधू दिघे आणि फ्री किकची दहा पावलं

रेफरीकडे किस्से फार साठतात, कारण सांगायला कोणी नसतं! मॅच संपली की जिंकलेले एकमेकांच्या गळ्यात हात टाकून कचोरी खायला जातात, हरलेले मला शिव्या देत जातात, आणि मी स्कूटरच्या आडोशाला उभा राहून एकटाच बूट बदलतो. पूर्वी घरी सौ. ऐकायची. फुटबॉलमधलं तिला ओ की ठो कळत नसे, पण "मग काय केलं हो त्या मेल्यानं?" हे अगदी वेळेवर विचारायची. ती गेल्यापासून किस्से तसेच पडून आहेत. म्हणून आज तुम्हाला धरून बसवलंय. उठू नका!

काम साधं आहे. फ्री किक मिळाली की समोरच्या टीमची भिंत चेंडूपासून दहा गज, म्हणजे दहा लांब पावलं, मागे न्यायची. बस, एवढंच. पण भिंत म्हणजे माणसंच ना, ती कशाला मागे जातात!

*

आमच्या ग्वाल्हेरात मराठी रेफरी दोघेच. एक मी, मोहिते. दुसरे पुराणिक. पुराणिक उंचीने बेताचे. घराणं पुरोहितांचं, सगळ्या पिढ्या पाटावर मांडी घालून बसलेल्या, लांब ढांग टाकायची वेळ कोणावर आलीच नाही! त्यांची दहा पावलं म्हणजे इतरांची सात. मी पडलो शिपाईगड्यांच्या घरातला ताडमाड, माझी दहा म्हणजे बारा. पोरांना हे पाठ! मॅचआधीच विचारायची, "आज कौन है? पंडितजी? फिर तो मज़े हैं!"

एकदा तक्रार झाली. पुराणिकांनी मनाला लावून घेतलं आणि रोज सकाळी नया बाजारातून लांब ढांगा टाकत प्रॅक्टिस सुरू केली. एक दुकानदार ओरडला, "पंडितजी, सड़क सूखी है, नाली उधर है!"

पुराणिक ढांग न मोडता म्हणाले, "नाली नहीं, नियम है!"

*

टीव्हीवर तुम्ही पाहिलं असेल, रेफरी गवतावर पांढरा फेस मारतो. भिंतीने त्याच्या मागे राहायचं, आणि थोड्या वेळात फेस आपोआप गायब. आम्हालाही हौस आली. तो डबा आम्हाला कोण देणार? मी टोपी बाजारातून दाढीचा फेस आणला.

डिसेंबरची थंडी. फेस कसला विरतोय! हाफटाइमपर्यंत मैदानात इतक्या रेघा झाल्या की एका डिफेंडरने खरोखर गोंधळून विचारलं, "सर, कौन-सी वाली के पीछे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहायला गेलो, तर रेघा होत्याच. फिरायला आलेल्या एक आजीबाई मला म्हणाल्या, "बेटा, रंगोली अच्छी है, पर टेढ़ी है."

*

आता मधू. मधू दिघे. कंपू मोहल्ल्यात आमची घरं पाठीला पाठ लावून. लहानपणी एकाच टीममध्ये खेळलो, मी बॅक, तो फॉरवर्ड. पुढे तो एका क्लबचा कोच झाला आणि मी शिट्टी हातात घेतली. तेव्हाच दोघांनी ठरवलं, हंगाम चालू असेपर्यंत एकमेकांकडे जायचं नाही, चहा नाही, गप्पा नाहीत. लोक म्हणणारच ना, "दोनों मराठी, अंदर से मिले हुए हैं!" हंगाम संपला की काय बसायचं ते बसू.

पण ग्वाल्हेरात हंगाम संपतो कुठे! लीग झाली की शाळांच्या मॅचेस, त्या झाल्या की कोणाच्या तरी आजोबांच्या नावाचा कप. दर उन्हाळ्यात वाटायचं, आता बसू. मधूसारखा दुसरा मित्र मला मिळाला नाही. खरं सांगायचं तर मी शोधलाही नाही.

बोलणं व्हायचं ते मैदानातच. तो रेषेवरून ओरडायचा, "मोहित्या, दहा कुठे झाली? शाळेत गेला नव्हतास का?" मी मागे न बघता ओरडायचो, "दिघे, गप्प बस!" झालं आमचं महिन्याचं बोलणं! लोकांना वाटायचं, यांचं सात पिढ्यांचं वैर आहे.

*

एका लग्नात यजमानांनी आम्हा दोघांना पंगतीत शेजारी बसवलं. त्याच आठवड्यात मधूची मॅच माझ्याकडे होती. आम्ही दोघंही एकदम उठलो! यजमान घाबरले. त्यांना वाटलं, भांडण. भर मांडवात आमचे हात धरून म्हणाले, "शुभकार्य आहे, आज मिटवून टाका!"

मिटवायला होतं काय? पण सगळे बघत होते. आम्ही हात मिळवला. टाळ्या पडल्या, कोणीतरी फोटोही काढला! मधूने हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला, मीही सोडला नाही. मग तो त्या टोकाला जाऊन बसला आणि मी या टोकाला.

पुराणिक श्रीखंड चाटत म्हणाले, "अहो मोहिते, आता मिटलं म्हणजे पंचाईतच की! रविवारी तुम्हाला शिट्टी कोण देणार?"

*

सौ. गेली तेव्हा मधू भेटायला आला होता. सगळ्यांबरोबर सतरंजीवर बसला, सगळ्यांबरोबर उठला. पुढच्या आठवड्यात त्याची सेमीफायनल माझ्याकडे होती. दारात चपला घालताना त्याने वळून पाहिलं. "बस रे थोडा," म्हणायला माझं तोंड उघडलं नाही.

त्या सेमीफायनलमध्ये त्याच्या टीमची भिंत सारखी पुढे सरकत होती. त्यात चिन्मय नावाचा मराठी पोरगा. मी गर्रकन वळलो, "चिन्मय, सरकलास!"

"नाही काका, मी तर उभाच आहे, ये पीछे वाले धक्का दे रहे हैं!" मागे चिटपाखरू नव्हतं!

"मैदानात काका नाही. सर म्हणायचं."

तर पोरगं काय म्हणतं, "सर, दिघे सर कहते हैं आप बचपन में बहुत हँसते थे. सच्ची?"

कार्ड काढायला खिशात घातलेला हात मी तसाच बाहेर घेतला.

*

मागच्या हिवाळ्यात पुराणिकांनी बातमी आणली. मधू चालला. गुडघे गेलेत, मुलगी त्याला नागपूरला कायमचा न्यायला आली आहे. रविवारी फायनल, ती खेळवून सोमवारी पहाटे गाडी. फायनलची शिट्टी माझ्याकडे! मी त्याच्या दारापर्यंत दोनदा जाऊन परत आलो.

फायनल एक-एक. शेवटची मिनिटं. मधूच्या टीमला बॉक्सबाहेर फ्री किक. मी पावलं मोजायला निघालो तोच गलका झाला. मधू रेषा ओलांडून आत आला होता! लंगडत, हात नाचवत, थेट माझ्याकडे. कोचने आत यायचं नसतं.

"बाहेर हो!" मी ओरडलो.

"नाही होत! आज मी मोजणार!"

पब्लिक उभं राहिलं. "मारेगा, मारेगा!" लाइनवरून पुराणिक झेंडा घेऊन धावत सुटले. मधू शेजारी आला आणि माझ्या पावलाला पाऊल लावून चालू लागला. हात हवेत, चेहरा लालबुंद. आवाज मात्र अगदी हळू.

"सामान बांधून झालं," तो म्हणाला.

मी बोट रोखून दरडावल्यासारखं विचारलं, "पहाटे कितीची गाडी?"

"स्टेशनवर येऊ नकोस. रडशील."

"तू रडशील."

"वहिनी गेल्या तेव्हा मला बसायचं होतं रे."

"माहीत आहे मला."

"हात हलव ना! लोक बघताहेत."

मी दोन्ही हात हलवले. दहा पावलं केव्हाच झाली होती. भिंत बिचारी मागे सरकत होती आणि आम्ही चालतच होतो. पोरं सरकत सरकत गोलपोस्टला टेकली. गोलकीपर रडकुंडीला येऊन म्हणाला, "सर, कहाँ तक?"

तेवढ्यात पुराणिक धापा टाकत पोचले. "अहो मोहिते, बघताय काय! कार्ड काढा, कार्ड!"

नियम नियमच. मी खिशात हात घातला.

"काढ," मधू म्हणाला, "पण जरा सावकाश काढ."