तुरटीने नितळलेलं पाणी

"मॅडम, साहेबांना फोन द्या ना जरा," नागपूरचा दुकानदार म्हणाला.

"साहेबांना काय करायचं? माशांची टाकी मी घेतली, पाण्यात मीठ मी कालवलं. माझ्याशी बोला."

"नाही, म्हणजे थोडं टेक्निकल आहे."

घुग्घुसच्या शाळेत मी विज्ञान शिकवते, हे टाकी घेतानाच त्याला सांगितलं होतं. तरी फोन नवऱ्याकडे गेला. नवरा कोळसा खाणीतून ड्युटी करून नुकताच आला होता, अंगावरची धूळसुद्धा धुतली नव्हती. तो नुसता "हो, हो" करत राहिला आणि फोन ठेवून मला म्हणाला, "पूर्ण पाणी बदलाले सांगून राह्यला."

खाऱ्या पाण्यातल्या माशांची हौस माझी, पैसा माझ्या पगारातला. सावलीजवळ तळ्याकाठी माझं माहेर. गोड्या पाण्याचे मासे जन्मभर पाहिले, पण नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले ते दोन समुद्री मासे दुकानात दिसले आणि मी हलूच शकले नाही. "एक दिवस पंप चालवा आणि सोडा," दुकानदार म्हणाला. मी सोडले. दुसऱ्या सकाळी समोरच्या खोलीतल्या टाकीत पाणी नव्हतंच, ताक होतं. मासे दिसेनात, मागची भिंत दिसेना.

पूर्ण पाणी बदललं. सात बादल्या फिल्टरचं पाणी भरलं, त्यात मीठ विरघळवलं, रात्रभर ढवळत ठेवलं. हात सोलून निघाले. दोन दिवसांत पाणी पुन्हा तसंच पांढरं. मग गल्लीतला प्रत्येक माणूस तज्ज्ञ झाला. कोणी म्हणे सिमेंटची धूळ पडली, कोणी म्हणे मीठच नकली. शेजारचे एक काका मला ओलांडून नवऱ्यालाच विचारायचे, "काऊन, बसलं का पाणी?" त्या आठवड्यात मी वर्गात विनाकारण पोरांवर ओरडले.

तेवढ्यात नवऱ्याचे मोठे भाऊ सावलीहून एका लग्नासाठी आले. भाताची शेती करणारा, स्वभावाने चांगला माणूस. टाकीसमोर उभे राहून हसले. "एवढंच ना? हे तर एका मिनिटाचं काम हाय."

"भाऊजी, याला हात लावू नका. मी पाहते," मी म्हणाले आणि शाळेत गेले.

दुपारी घरी आले तर टाकी आरशासारखी. मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचता येत होतं. नवरा आणि भाऊजी समोर खुर्च्या टाकून कौतुकाने पाहत बसले होते.

"पाहा बाई, कसं काचेवानी झालं. आपल्या घरची तुरटी फिरवली, बस."

वाळूवर कापूस पिंजल्यासारखा पांढरा थर बसला होता. त्या थरावर एक मासा आडवा पडला होता. दुसरा वर येऊन तोंड उघडझाप करत होता.

लग्नानंतरच्या चौदा वर्षांत मी भाऊजींसमोर आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. "मी सांगितलं होतं ना, हात लावू नका! माझं बोलणं तुम्हाला ऐकू येतच नाही का?"

"पाणी साफ झालं ना?"

"पाणी साफ झालं, मासा मेला!"

नवरा म्हणाला, "अगं, मासाच तर होता."

भाऊजींनाही राग आला. "तुमच्या माहेरी तर मासे धरतेत, विकतेत. एका मासोळीसाठी मले बोलून राह्यली तू?"

"धरून खाणं वेगळं आणि पाळायला आणून मारणं वेगळं," मी म्हणाले. जिवंत मासा बादलीत ताज्या खाऱ्या पाण्यात काढला, हवेची नळी सोडली आणि दोघांकडे पाठ करून बसले. भाऊजी चहा न घेता निघून गेले.

रविवारी उरलेला मासा झाकणाच्या डब्यात घालून, डबा मांडीवर धरून बसने नागपूरला गेले. दुकानात चार गिऱ्हाइकं होती. त्यांच्यासमोर दुकानदाराला म्हणाले, "नवीन टाकीत एका दिवसात मासे सोडा, हे तुम्ही सांगितलं. आता हा तुमच्या जुन्या टाकीत ठेवा. माझं पाणी तयार झालं की घेऊन जाईन." तो गॅरंटीचं काहीतरी बोलू लागला. मी हलले नाही. शेवटी त्याने डबा घेतला.

सगळ्यात जास्त राग मला माझाच येत होता. माशांच्या घाणीतलं विष पचवणारे जिवाणू नव्या पाण्यात वाढायला कित्येक दिवस लागतात. नायट्रोजनचं हे चक्र मी दरवर्षी फळ्यावर काढते. पाणी पांढरं झालं होतं ते दुसऱ्याच कुठल्यातरी जिवाणूंच्या गर्दीने. ते आपोआप ओसरलं असतं. मला घाई झाली होती, म्हणून फळ्यावरचं मी घरात विसरले.

टाकी धुतली, पुन्हा भरली आणि जिवाणूंसाठी रोज चिमूटभर खाद्य टाकत माशांशिवायच चालवली. पुन्हा पांढरी झाली. कोणाला जवळ येऊ दिलं नाही. नवऱ्याने एकदा फडकं घेतलं, तर नुसतं त्याच्याकडे पाहिलं. त्याने फडकं ठेवलं. तिसऱ्या आठवड्यात पाणी हळूहळू नितळलं. तपासणीच्या थेंबांनी पाणी तपासलं, विष उरलं नव्हतं, तेव्हा मासा परत आणला.

दिवाळीला भाऊजी आले. हात मागे बांधून टाकीसमोर बराच वेळ उभे राहिले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "म्या तुरटी टाकली नसती, त वाचला असता का तो?"

खोटं बोलून त्यांना सोडवता आलं असतं. खोटं बोलून अडकवताही आलं असतं.

"माहीत नाई, भाऊजी. पाणी आधीच विषारी झालं होतं, ते माझ्या घाईनं. पण तुम्ही विचारायला पाहिजे होतं."

"हो," ते म्हणाले. "विचाराले पाहिजे होतं."

राग गेला असं म्हणणार नाही. पण त्या दिवशी त्यांना जेवायला मी स्वतः वाढलं.